उदयपूरला येताय ना? मग तळ्यातला महाल बघण्याआधी हे वाचा

राजस्थान टूरला नाव दिलेल्या सगळ्या मंडळींसाठी हे. उदयपूर म्हटलं की ऑफिसला पहिला फोन हाच येतो, तळ्यातल्या त्या पांढऱ्या हॉटेलात राहायचं आहे का आपल्याला? तर नाही, तिथलं भाडं आपल्या टूरच्या बजेटच्या लई बाहेर आहे आणि मुक्कामाच्या पाहुण्यांशिवाय आत कुणाला सोडतही नाहीत. आपण बोटीतून बघणार आहोत. पण नुसते सेल्फी काढून परत येऊ नका, काय बघायचं ते माहीत असलं की मजा वेगळीच.

हॉटेल आत्ताचं, मूळचा तो पिछोला तळ्यातला जगनिवास महाल. महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४३ ला काम काढलं, १७४६ ला पुरं झालं. तिकडं सांगतात की राजपुत्र असताना त्यांना शेजारच्या जगमंदिर बेटावर चांदण्यात सहली करायच्या होत्या, वडील म्हणाले एवढी हौस असेल तर स्वतःचा बांध, आणि पोरानं खरंच बांधला.

आता बांधकाम. साधारण चार एकरांचं खडकाळ बेट, त्यावर काठापर्यंत इमारत, म्हणून लांबून भिंती थेट पाण्यातून वर आल्यासारख्या दिसतात. आपलं सोलापूरचं सिद्धेश्वराचं देऊळपण तळ्यातच, पण तिथं चालत जाता येतं, इथं बोटीशिवाय वाटच नाही. महालाचं तोंड पूर्वेला आहे कारण मेवाडचं घराणं सूर्यवंशी, उठल्या उठल्या सूर्याला हात जोडता यावेत म्हणून. वर एक अगदी गोल खोली आहे, सुमारे २१ फूट व्यासाची, खाली काळ्या-पांढऱ्या संगमरवराची फरशी, भिंतीत कोनाडे आणि रंगीत दगडांचं जडावकाम, डोक्यावर घुमट. ती बोटीतून दिसत नाही, पण छत्र्या (खांबांवरचे छोटे घुमट), झरोके नि दगडी जाळ्या छान दिसतात, त्या नीट बघा. पाण्यावरून येणारा वारा जाळीतून आत जातो, आतल्या चौकांत परत हौद आणि कारंजी, म्हणजे गारवा तयारच. सोलापूरचा मे महिना काढलेल्या माणसाला याची किंमत सांगायला नको!

पुढं महाल बराच पडीक झाला, ओल लागली. मग १९६३ ला महाराणा भगवतसिंहांनी त्याचं हॉटेल केलं. आतल्या सजावटीच्या कामात दीदी कॉन्ट्रॅक्टर होत्या, मूळच्या अमेरिकेच्या, पण लग्नानंतर काही वर्षं आपल्या नाशकात राहिलेल्या. १९७१ पासून ताज ग्रुप चालवतो. आमचं स्पष्ट मत, हॉटेल झालं म्हणूनच ही वास्तू टिकली.

पिछोला तळं पावसावर भरतं, दुष्काळात पार आटलेलंही आहे, म्हणून आपण टूर पावसाळा संपल्यावरच काढतो. बोट जगमंदिरला थांबते, तिथं उतरून फिरता येतं. शहाजहान राजपुत्र असताना बापाविरुद्ध बंड करून तिथंच आसऱ्याला राहिला होता. संध्याकाळी आंबराई घाटावर नेऊ, फोटो तिथून काढा. ज्येष्ठांना बोटीत चढताना हात द्यायला आमचा माणूस असेल, घाई करू नका, लाइफ जॅकेट मात्र सगळ्यांनी घालायचं.