तळाशी साखर झालेला बर्फ

दिवाळी आटोपली की नागपुरातले हौशी गिर्यारोहक उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या तयारीला लागतात आणि त्यांचा एक प्रश्न हमखास असतो: तिथे मोठ्याने ओरडले तर हिमस्खलन होते का? होत नाही. माणसाच्या आवाजाने हवेच्या दाबात पडणारा फरक इतका क्षीण असतो, की त्याने बर्फाचा थर तुटत नाही. थर तुटतो तो वजनाने, आणि हौशी गिर्यारोहकांच्या बहुतेक जीवघेण्या अपघातांत ते वजन गाडल्या गेलेल्या व्यक्तीचे किंवा तिच्या सोबत्याचेच असते.

एवढ्याशा वजनाने अख्खा उतार कसा सुटतो, हे समजण्यासाठी फ्रीजरमधली मटारांची जुनी पिशवी उघडावी. दाणे सुरकुतलेले दिसतात आणि प्लॅस्टिकला आतून चमकदार, सुटे हिमकण लागलेले असतात. मटारातला बर्फ वितळलेला नसतो. कपाटातल्या डांबरगोळीप्रमाणे त्याचे थेट बाष्प होते आणि ते अधिक थंड पृष्ठभागावर पुन्हा गोठते. डोंगरावर हेच घडते. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो, तर वरचा पृष्ठभाग निरभ्र रात्री त्याहून कितीतरी खाली उतरतो. थर जाड असेल तर हा फरक विभागला जातो. पण तो दीड-दोन फुटांचाच असेल आणि दर १० सेंटिमीटरला १ अंशाहून अधिक फरक पडत असेल, तर खालून वर सरकणारे बाष्प कणाकणावर जमत जाते, कणांमधले सांधे झिजतात आणि टोकदार, पैलूदार दाणे तयार होतात. ते मुठीत दाबले तरी गोळा वळत नाही, साखरेसारखे बोटांतून गळतात. हे सारे स्वच्छ उन्हाच्या, सुरक्षित वाटणाऱ्या दिवसांतच घडते.

पुढे वाऱ्याने आणलेल्या बर्फाची घट्ट लादी या दाण्यांवर बसते. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल, तर एका पावलाने खालचा थर ‘धप्प’ असा खचतो, ते खचणे क्षणार्धात उतारभर पसरते आणि लादी अखंड सुटते.

उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा शिखरावरील (४ ऑक्टोबर २०२२) किंवा माणा गावाजवळील (२८ फेब्रुवारी २०२५) हिमस्खलनासारख्या दुर्घटनांना दैवी कोप म्हणणे मला फार खटकते, कारण उताराचा कोन मोबाइलवर मोजता येतो आणि थर फावड्याने खणून पाहता येतो. गाडलेल्या माणसाच्या वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. म्हणून अशा उतारांवर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ शोधयंत्र (गाडलेल्याचा ठाव सांगणारे रेडिओ उपकरण), शोधकाठी (बर्फात खुपसून त्याला शोधायची लांब काठी) आणि फावडे असलेच पाहिजे.