पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक आणि विजेत्याचा शाप

दर वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक 'अमेरिकन फुटबॉल' लीगचा (हाताने चेंडू फेकत खेळायचा हा फुटबॉल) ड्राफ्ट होतो. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून ३२ संघ पाळीपाळीने एकेकाला उचलतात. अशा सात फेऱ्या होतात. आयपीएलसारखी बोली नसते, नंबर लागतो. आणि आदल्या मोसमात जो संघ सगळ्यांत वाईट खेळला, त्याचा नंबर पहिला. दुबळ्याच्या पानात आधी वाढायचं, असा हा न्याय.

तरीही पहिल्या काही नंबरांवर उचललेले क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणारे खेळाडू, पुन्हा पुन्हा अपयशी ठरतात. १९९८ साली दुसऱ्या नंबरवर निवडलेल्या रायन लीफने २५ सामन्यांत १४ टचडाउन पास (ज्यावर संघाला थेट गुण मिळतात असे पास) दिले आणि ३६ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात घातले. २००७ मध्ये पहिल्याच नंबरवर गेलेल्या जामार्कस रसेलला संघाने तीन मोसमांनंतर सोडून दिलं. मग खापर फुटतं निवड करणाऱ्यांच्या डोक्यावर: यांना खेळातलं काही कळत नाही. हा समज चुकीचा आहे. निवड करणारे पुरेसे हुशार आणि प्रामाणिक असले, तरी हे होणारच. त्याचं कारण खेळात कमी आणि संख्याशास्त्रात जास्त आहे, आणि ते फार सुंदर आहे.

आधी क्वार्टरबॅकचं काम पाहू. मैदानावरच्या अकरा जणांत तोच चाल सांगतो आणि चेंडू प्रथम त्याच्या हातात येतो. तिथून त्याला अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात सव्वाशे किलोचे बचावपटू अंगावर येत असताना कोण मोकळा आहे, दोन पावलांनंतर कोण मोकळा होईल, हे ओळखून चेंडू फेकायचा. एका वेळी मैदानावर क्वार्टरबॅक एकच. त्यामुळे निवड चुकली, तर चूक झाकायला जागा नसते.

आता संख्याशास्त्राकडे वळू. समजा, खेळाडूंची खरी क्षमता सरासरी ५० गुण आहे आणि तिचं प्रमाण विचलन १० आहे. म्हणजे बहुतेक जण ३० ते ७० मध्ये बसतात. ही खरी क्षमता कोणालाच दिसत नाही. दिसतो तो अंदाज, म्हणजे खरी क्षमता अधिक-उणे चूक. चुकीचंही प्रमाण विचलन १० धरू. एखाद्याचा अंदाज ७५ आला, तर त्याची खरी क्षमता किती मानायची? ७५ नव्हे. अंदाज सरासरीच्या २५ गुण वर आहे, पण त्या २५ मध्ये क्षमता आणि नशीब दोन्ही मिसळलेले आहेत. किती भाग क्षमतेचा, हे ठरतं विचलनांच्या वर्गांवरून: १०० भागिले (१०० अधिक १००), म्हणजे निम्मा. म्हणून उत्तर ६२.५. आणि चूक दुप्पट, म्हणजे २० असेल, तर १०० भागिले (१०० अधिक ४००), म्हणजे फक्त पाचवा हिस्सा. तोच ७५ चा अंदाज आता ५५ वर येतो! खेळाडू तोच, कागदावरचे गुणही तेच, फक्त मोजपट्टी ढिली झाली आणि 'पिढीतून एकदा मिळणारा' खेळाडू सरासरीच्या जरासा वर उरला.

यात कोणाचीही लबाडी नाही. यादीच्या टोकाला जो पोचतो, त्याची चूक बहुधा वरच्या दिशेनेच झालेली असते. ज्याची चूक खालच्या दिशेने झाली, तो तितकाच चांगला असूनही यादीत खाली राहतो.

याच्यावर दुसरा थर चढतो. ३२ संघ एकाच खेळाडूचा स्वतंत्रपणे अंदाज बांधत असतील आणि प्रत्येकाच्या चुकीचं विचलन १० असेल, तर त्यांतला सर्वांत मोठा अंदाज खऱ्या क्षमतेपेक्षा सरासरीने सुमारे २० गुणांनी जास्त असतो. आणि जो सर्वांत जास्त भुलला, तोच सर्वांत जास्त किंमत मोजायला तयार होतो. १९७१ मध्ये कॅपेन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी हे मांडलं. समुद्रातल्या तेलक्षेत्रांचे लिलाव जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा कमी परतावा का मिळतो, हा त्यांचा प्रश्न होता. यालाच विजेत्याचा शाप म्हणतात. ड्राफ्टमध्ये बोली नसली, तरी नंबरांची अदलाबदल चालते. वरचा नंबर हवा असेल, तर आपले पुढचे नंबर द्यायचे. शाप शिरतो तो याच दारातून. (प्रत्यक्षात सगळे संघ तेच सामने पाहतात आणि त्याच चाचण्या घेतात. त्यामुळे त्यांच्या चुका पूर्ण स्वतंत्र नसतात आणि दुसरा थर थोडा पातळ होतो. पण चुका सामाईक असल्या, तर सगळे मिळून फसतात; पहिला थर तसाच राहतो.)

ट्रे लान्सचं उदाहरण घेऊ. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी १२ वरून तिसऱ्या नंबरवर चढण्यासाठी पहिल्या फेरीचे तीन आणि तिसऱ्या फेरीचा एक नंबर देऊन टाकला आणि लान्सला घेतलं. हा मुलगा कॉलेज फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवर, नॉर्थ डकोटा स्टेटकडून खेळलेला. २०१९ च्या मोसमात त्याने २८७ पास फेकले, २८ टचडाउन दिले आणि एकही पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू दिला नाही. त्या शून्याने सगळ्यांचे डोळे दिपले. पण गणित करून बघा. पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागण्याची खरी शक्यता शंभरात एक असली, तरी २८७ पासांत एकही तसा न जाण्याची शक्यता साडेपाच टक्क्यांच्या आसपास येते. दोनशेत एक असली, तर ती २४ टक्क्यांवर जाते. देशभरात इतके क्वार्टरबॅक खेळत असताना कोणाच्या तरी पदरात असा मोसम पडणारच. लान्सचे कॉलेजातले पास सगळे मिळून ३१८. मोजपट्टी ढिली म्हणतो ती ही. पुढे फोर्टीनाइनर्ससाठी त्याने सुरुवातीपासून खेळलेले सामने चार. २०२२ मध्ये घोटा मोडला आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका नंबरच्या बदल्यात तो डॅलसला गेला. फोर्टीनाइनर्सना २०२४ च्या फेब्रुवारीत सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलं ब्रॉक पर्डीने. पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू.

म्हणून शेवटच्या फेरीतच क्वार्टरबॅक शोधावा, असा अर्थ काढू नका. २००० साली १९९ व्या नंबरवर मिळालेला टॉम ब्रेडी सात सुपर बोल जिंकला, हे सगळे सांगतात. पण त्या भागात निवडलेले बाकीचे बहुतेक क्वार्टरबॅक कधी नावारूपाला आले नाहीत, ते कोणी मोजत नाही. हीच गल्लत ड्राफ्टच्या आधी महिनोन्‌महिने भाकितं करणाऱ्या पंडितांबाबत होते. तळहात किती इंच, नजरेत 'जन्मजात नेतृत्व' आहे का, याच्यावर तावातावाने चर्चा झडतात. पत्रिका बघणाऱ्याचं बरोबर आलेलं तेवढं आपण लक्षात ठेवतो, तसंच हे आहे. २०२० मध्ये जो बरो या क्वार्टरबॅकचा तळहात नऊ इंचच भरला म्हणून केवढी काळजी व्यक्त झाली होती. पहिल्या नंबरवर गेलेला बरो दुसऱ्याच मोसमात सिनसिनाटीला सुपर बोलमध्ये घेऊन गेला.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (थेलर यांना पुढे २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी ड्राफ्टची आकडेवारी तपासली. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस निघण्याचं प्रमाण होतं ५२ टक्के. नाणं उडवलं तर ५० टक्के येतं. त्या दोन टक्क्यांसाठी संघ पुढच्या वर्षांचे नंबर गहाण टाकतात!

मग हुशार माणसं हा जुगार का खेळतात? कारण जिंकलं तर घबाड असतं. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारानंतर नवख्यांचे पगार बांधले गेले. २०२४ मध्ये पहिल्या नंबरवर गेलेल्या केलेब विल्यम्सला चार वर्षांचे मिळून सुमारे चार कोटी डॉलर; बरोचा २०२३ मधला नवा करार वर्षाला साडेपाच कोटींचा. २०२४ मध्ये एका संघाची एकूण पगारमर्यादा साडेपंचवीस कोटी होती. स्वस्तातला चांगला क्वार्टरबॅक मिळाला, तर उरलेल्या पैशात बाकीचा संघ बांधता येतो.

आणखी एक गोष्ट. पहिला नंबर मिळतो तो संघच पडका असतो. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या नव्याकोऱ्या संघात पहिल्या नंबरवर गेलेल्या डेव्हिड कारला पहिल्याच मोसमात चेंडूसकट ७६ वेळा पाडलं गेलं. एवढा मार खाऊन कोण काय शिकणार? २०१८ मध्ये तिसऱ्या नंबरवर निवडलेला सॅम डार्नल्ड न्यूयॉर्क जेट्समध्ये फसला आणि वाया गेलेला म्हणून गणला गेला. २०२४ मध्ये मिनेसोटाकडून त्याने १४ सामने जिंकून दिले आणि ३५ टचडाउन पास फेकले. म्हणजे 'क्षमता' म्हणून आपण जे मोजतो, त्यात संघाचाही वाटा असतो आणि अंदाजातली चूक आणखी फुगते.

उपाय गणितातच दडलेला आहे: मोजपट्टी घट्ट करता येत नसेल, तर एकाच अंदाजावर सगळं लावू नका. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने पहिल्या फेरीचे तीन आणि दुसऱ्या फेरीचा एक नंबर देऊन दुसऱ्या नंबरवर रॉबर्ट ग्रिफिनला घेतलं आणि त्याच ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत कर्क कझिन्स नावाचा आणखी एक क्वार्टरबॅक उचलला. नंबर वाया घालवला म्हणून टीका झाली. पहिल्याच मोसमाच्या शेवटी ग्रिफिनच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा पूर्वीचा खेळ पुन्हा दिसला नाही. २०१५ पासून सलग तीन मोसम वॉशिंग्टनचा प्रत्येक सामना सुरू केला तो कझिन्सने.