मारिसा टोमेईचं ऑस्कर चुकून मिळालेलं नाही

१९९३च्या ऑस्कर सोहळ्यात अभिनेत्री मारिसा टोमेईला ‘माय कझिन व्हिनी’साठी सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पण तो जाहीर करणारे अभिनेते जॅक पॅलन्स यांनी पाकिटातलं नाव सोडून भलतंच नाव वाचलं, पुरस्कार खरा अभिनेत्री व्हेनेसा रेडग्रेव्ह यांचा होता आणि अकादमीने लाजेखातर चूक दडपली, ही अफवा अजून फिरते. ती खोटी आहे.

मतमोजणी करणाऱ्या प्राइस वॉटरहाउस (आताची पीडब्ल्यूसी) कंपनीच्या हिशेबनिसांना विजेत्यांची नावं आधीच ठाऊक असतात. ते विंगेतच उभे असतात आणि चुकीचं नाव पुकारलं गेलं, तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं ही त्यांची जबाबदारी. २०१७ मध्ये तेच झालं: सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून चुकून ‘ला ला लँड’चं नाव पुकारलं गेलं, पण त्याचे निर्माते भाषण करत असतानाच चूक मंचावर सांगितली गेली आणि पुरस्कार ‘मूनलाइट’ला गेला. १९९३ मध्ये कुणीही पुढे आलं नाही, कारण नाव बरोबरच होतं.

अफवा पसरली, कारण ‘माय कझिन व्हिनी’ विनोदी चित्रपट होता आणि विनोदी भूमिकेला आपण कमी लेखतो. त्यातली टोमेईची कोर्टातली गाड्यांबद्दलची साक्ष पाहा. एवढ्या वेगात संवादाची लय जराही न सुटणं फार अवघड आहे. पुढे ‘इन द बेडरूम’ आणि ‘द रेसलर’साठीही तिला ऑस्कर नामांकनं मिळाली, दोन्ही गंभीर भूमिकांसाठी.