ब्रेक्समनचे काम हवेने कसे घेतले

पावसाळा सुरू झाला की दूधसागराच्या पुलावरून सरकणाऱ्या गाडीच्या चित्रफिती गोव्यात फोनाफोनी फिरू लागतात आणि त्यांच्याबरोबर दोन समजही फिरतात. प्रवाशांना धबधबा दिसावा म्हणून गाडी मुद्दाम हळू नेतात, हा पहिला. घाटात डब्यांमधला हवेचा पाइप निसटला तर ब्रेक जातात आणि गाडी थेट पायथ्याच्या कुळ्यापर्यंत सुसाट सुटते, हा दुसरा. पहिला समज निरुपद्रवी आहे. दुसरा मात्र वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे, आणि तो उलट का आहे हे समजून घेताना रेल्वेतला सर्वांत जोखमीचा एक व्यवसाय, म्हणजे डब्यांचे हातब्रेक आवळणाऱ्या ब्रेक्समनचा, कसा अस्तंगत होत गेला हेही समजते.

प्रथम घाटाविषयी. मुरगाव बंदराला दख्खनच्या पठाराशी जोडणारा हा लोहमार्ग वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनीने बांधला आणि तो १८८८ मध्ये घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकला पोहोचला. कॅसलरॉक ते कुळे या ब्रागांझा घाटात ३७ मीटर पुढे गेले की रूळ १ मीटर खाली उतरतात. १९९० च्या दशकात मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले, पण उताराचे हे प्रमाण राहिले. तुलनेसाठी, मडगाववरूनच जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या आखणीत १५० मीटरला १ मीटर ही चढाची मर्यादा ठेवलेली आहे.

३७ ला १ हा आकडा रस्त्यावरच्या वाहनाला किरकोळ वाटेल, परंतु लोखंडी चाक लोखंडी रुळावर इतके अल्प घर्षण सोसून फिरते की गाडीच्या प्रत्येक टन वजनामागे सपाटीवर होणारा विरोध जेमतेम दोन-तीन किलो वजनाइतकाच असतो, तर या घाटात त्याच एका टनाला खाली ओढणारे बल २७ किलो वजनाइतके भरते. उभ्या गाडीचे ब्रेक सोडले आणि पुन्हा लावलेच नाहीत, तर मिनिटभरात तिचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास जाईल. हजार टनांची गाडी घाटात एक किलोमीटर उतरते तेव्हा २७ मीटर उंचीची स्थितिज ऊर्जा सुटते. ती सुमारे ७० युनिट विजेइतकी असते. ताशी ३० किलोमीटर वेगाने हे अंतर दोन मिनिटांत कापले जाते, म्हणजे त्या अवधीत दोन मेगावॉटच्या दराने निर्माण होणारी उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. वेग वाढला की हा दरही वाढतो. गाडी हळू उतरते, याचे खरे कारण हे आहे.

एकोणिसाव्या शतकात ही ऊर्जा माणसांच्या हातांनी आवरली जात असे. प्रत्येक डब्याला स्वतंत्र हातब्रेक होता. त्याचे चाक फिरवले की साखळी ताणली जाऊन ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबले जात. अमेरिकेत मालगाडीचे ब्रेक्समन इंजिनाच्या शिटीचा इशारा ऐकून धावत्या डब्यांच्या छपरांवरून एका डब्यावरून दुसऱ्यावर जात आणि एकेक चाक आवळत. पाऊस, बर्फ किंवा अंधार असला तरी त्यात सूट नव्हती. डबे जोडतानाही त्यांना दोन डब्यांच्या मध्ये उभे राहावे लागे. छपरावरून पडून किंवा जोडणीत चिरडून कितीतरी जणांचे प्राण आणि बोटे गेली. आपल्याकडेही ब्रेक्समन हे पद होते, आणि घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून वाघिणींचे हातब्रेक आवळायचे, पायथ्याशी पुन्हा थांबवून सोडायचे, अशी कष्टाची रीत होती.

या पद्धतीचा दोष माणसांच्या हालांपुरता मर्यादित नव्हता. १८७८ मध्ये इंग्लंडमध्ये अभियंता डग्लस गॅल्टन यांनी हवेच्या ब्रेकचे जनक वेस्टिंगहाउस यांच्या सहकार्याने मोजमाप करून दाखवले की बिडाच्या ठोकळ्याचे चाकावरील घर्षण वेग वाढेल तसे घटते. म्हणजे शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचायला ब्रेक्समनला उशीर झाला तर वाढलेल्या वेगामुळे त्याच ठोकळ्याची पकड कमी होते, त्यामुळे वेग आणखी वाढतो, आणि मग तितक्याच ताकदीने आवळलेला ब्रेक अपुरा पडतो. म्हणून सर्व डब्यांचे ब्रेक जवळजवळ एकाच वेळी लागणे आवश्यक होते.

जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. ती पहिली रचना सरळसोट होती: इंजिनावरच्या टाकीतून दाबाची हवा पाइपातून प्रत्येक डब्याच्या सिलिंडरमध्ये सोडायची आणि दट्ट्याने (पिस्टनने) ठोकळे दाबायचे. पाइप तुटला की सगळेच ब्रेक जात. घाटाविषयीचा लोकांचा समज या पहिल्या रचनेला लागू पडला असता.

१८७२ च्या सुमारास त्यांनी तर्कच उलटा केला, आणि माझ्या मते अभियांत्रिकीच्या इतिहासातील ही अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक आहे. प्रत्येक डब्याखाली एक छोटी साठवण टाकी ठेवली आणि पाइप, टाकी व ब्रेक सिलिंडर यांच्यामध्ये एक त्रिमार्गी झडप बसवली. या झडपेत एक दट्ट्या असतो. त्याच्या एका बाजूला पाइपातील हवा असते, दुसऱ्या बाजूला टाकीतील. पाइपातील दाब वाढवला की दट्ट्या टाकीच्या बाजूला सरकतो, एका बारीक खाचेतून टाकी भरू लागते आणि सिलिंडरमधील हवा बाहेर निघून ब्रेक सुटतात. चालकाने पाइपातील दाब थोडा घटवला की टाकीतील दाब वरचढ ठरतो, दट्ट्या उलट सरकतो, भरण्याची खाच बंद होते आणि टाकीतील हवा सिलिंडरमध्ये शिरून ब्रेक लागतात. यापुढची गोष्ट तर आणखी देखणी आहे: हवा दिल्यामुळे टाकीचा दाब उतरत उतरत पाइपातील दाबाच्या किंचित खाली येतो, त्याबरोबर दट्ट्या थोडा मागे येऊन हा मार्गही बंद करतो आणि ब्रेक आहे तेवढाच लागून राहतो. पाइपात दाब जितका घटवला त्या प्रमाणात ब्रेक लागतो, आणि हा हिशेब प्रत्येक डब्याखाली, कोणीही हात न लावता, होतो. पाइप निसटला, गाडीचे दोन तुकडे झाले, गार्डने आणीबाणीची झडप उघडली, यांपैकी काहीही झाले तरी पाइपातील दाब कोसळतो आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक लागतात.

मात्र लांब घाटात या झडपेची एक उणीव जाणवते. पाइपातील दाब जरा वाढवला की तिच्यामुळे ब्रेक पूर्ण सुटतात, आणि पुन्हा लावेपर्यंत टाकी भरली नसेल तर पुढचा ब्रेक कमजोर लागतो. आजच्या भारतीय गाड्यांतील डिस्ट्रिब्यूटर झडप याच्यावरचा उपाय आहे. तिच्यात आणखी एक नियंत्रण टाकी असते, जी पाइपातील मूळ दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम, संदर्भ म्हणून जपून ठेवते. सिलिंडरमधील दाब हा संदर्भ आणि पाइप यांच्यातील फरकावर ठरतो आणि फरक दीडच्या आसपास गेला की तो ३.८ या कमाल पातळीला पोहोचतो. यामुळे ब्रेक टप्प्याटप्प्याने लावता येतो तसा टप्प्याटप्प्याने सोडताही येतो. प्रवासी डब्यांत ६ किलोग्रॅम दाबाचा दुसरा पाइप साठवण टाकी सतत भरत राहतो. शिवाय आधुनिक इंजिनाच्या मोटारी उतारावर जनित्रासारख्या चालवून बराच भार त्यांच्यावर टाकतात; अनमोड घाटात ट्रकचालक खालचा गियर धरून ब्रेक थंड ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

गाडी घाटाला लागण्यापूर्वी चाकाखाली लिंबू ठेवून किंवा नारळ वाढवून कोणाच्या मनाला धीर येत असेल तर त्याच्या श्रद्धेशी मला वाद घालायचा नाही, पण घर्षणाचा गुणक त्याने बदलत नाही. घाटाच्या माथ्यावर खरे महत्त्व ब्रेकच्या चाचणीला आहे. दोन डब्यांमधल्या पाइपाला हवा अडवणारे कॉक असतात. मधला एखादा चुकून बंद राहिला तर त्यापलीकडच्या डब्यांना चालकाची आज्ञा पोहोचत नाही आणि इंजिनातील मापक मात्र सर्व ठीक असल्याचे दाखवतो. म्हणून चालक दाब घटवतो आणि शेवटच्या डब्यातील गार्ड, ज्यांना २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, आपल्या मापकावर तो घटलेला पाहून खात्री देतात. सर्व काही यंत्रच करते, मागे माणूस कशाला हवा, असे उत्साहाने म्हणणाऱ्यांनी ही चाचणी आधी समजून घ्यावी. माणूस हटवायचाच असेल तर शेवटच्या डब्यातील दाब इंजिनापर्यंत कळवणारे विश्वासार्ह उपकरण तिथे बसवावेच लागते.

उभ्या गाडीला तर हातब्रेकाशिवाय गत्यंतर नाही, कारण कोणत्याही सिलिंडरमधून हवा कालांतराने झिरपते. कॅनडातील लाक-मेगांटिक येथे ६ जुलै २०१३ रोजी हेच घडले. उतारावर उभ्या केलेल्या, खनिज तेलाच्या ७२ टाक्यांच्या गाडीचे इंजिन आगीनंतर बंद केले गेले, कॉम्प्रेसर थांबला, इंजिनांच्या ब्रेकमधील हवा गळत गेली, आणि आवळलेले सात हातब्रेक एवढा भार धरू शकले नाहीत. गाडी गावात घुसून ४७ माणसे मरण पावली. हातब्रेक पुरेसे आहेत का, हे पाहताना इंजिनांचा हवेचा ब्रेक लावलेलाच ठेवला होता, त्यामुळे त्या परीक्षेला अर्थ उरला नव्हता. हातब्रेक आवळल्यावर हवेचा ब्रेक पूर्ण सोडून गाडी जागची हलत नाही ना, हे पाहणे हीच त्याची योग्य परीक्षा होय.