भिंत आम्ही मोजतो, पुस्तकं तुम्ही मोजा
(घरासाठी किंवा ऑफिससाठी पुस्तकांचं कपाट करून घेणाऱ्यांना)

आम्ही गोव्यातले सुतार. आमच्याकडे येणारे बहुतेक फोन असेच सुरू होतात. ‘मेस्ता, भिंत ५ फूट आहे, उंची ७ फूट. पुस्तकांचं कपाट कितीला पडेल?’ आम्ही विचारतो, पुस्तकं किती आहेत? पलीकडे जरा वेळ शांतता. मग उत्तर येतं, ‘खूप आहेत.’

त्या ‘खूप’पायी हे पत्रक छापलंय. भिंतीचं माप आम्हाला पाठवू नका. पाठवलंत तरी आम्ही त्यावर प्लाय कापत नाही. भिंत मोजायला आम्ही स्वतः येतो, गुण्या आणि ओळंबा घेऊन, कारण चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या घरांत भिंत खाली ५ फूट असते आणि वर छताशी ४ फूट ११ इंच. ते आमचं काम. तुमच्याखेरीज कुणालाच करता येत नाही असं काम म्हणजे पुस्तकं मोजणं, आणि नेमकं तेच राहून जातं.

काही वर्षांपूर्वी म्हापशाच्या एका वकिलांच्या ऑफिसात कपाट केलं. त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला होता, बारीक फळ्यांचं, ९ इंच खोलीचं, दिसायला फार देखणं. भिंत मोजली, फोटोबरहुकूम केलं, शनिवारी बसवलं. सोमवारी सकाळी फोन. कायद्याचे बांधीव खंड नीट बसले होते, पण बॉक्स फाइली अडीच इंच बाहेर येत होत्या आणि उभ्या तर राहतच नव्हत्या, कारण खण १२ इंच उंच आणि फाइल १४ इंचांची. ऑफिसात फाइली असतात हे आम्हाला कळायला हवं होतं, चूक आमचीही होती. पण प्लाय कापून लहान होतो, मोठा होत नाही. दोन माणसांचे बारा दिवस गेले. तो पहिला सांगाडा अजून आमच्या शेडात आहे, त्यावर पॉलिशचे डबे ठेवतो. वकीलसाहेब आता आमचे चांगले स्नेही आहेत, पण त्या दिवसापासून पुस्तकांचं माप हातात आल्याशिवाय करवत लावायची नाही हा आमचा नियम झाला. काहींना तो आडमुठेपणा वाटतो.

पुस्तकं कशी मोजायची

एक रविवार पुरतो. मोजणी करायची नाही, मापं घ्यायची. चारशे पुस्तकं आहेत एवढं सांगून काही कळत नाही, कारण कवितासंग्रह बोटाएवढा आणि कोश विटेएवढा.

पुस्तकं जमिनीवर भिंतीला लावून उभी करा, उंचीप्रमाणे तीन गटांत. पहिला गट साध्या मराठी पुस्तकांचा. कथा, कादंबऱ्या, चरित्रं बहुतेक डेमी आकारात येतात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. त्यांना १० इंचांचा खण पुष्कळ झाला, वर बोट घालून पुस्तक ओढायलाही जागा राहते. दुसरा गट त्याहून उंच पुस्तकांचा, कोश, बांधीव खंड, मुलांची चित्रांची पुस्तकं. तिसरा गट फाइली, अल्बम, आणि दिवाळी अंक. दिवाळी अंकांना कणा नसतो, उभे केले की दोन महिन्यांत कमरेतून वाकतात. ते आडवे रचायचे, म्हणून त्यांची गठ्ठ्याची उंची मोजा.

मग प्रत्येक गटाच्या रांगेला टेप लावा आणि फुटांत लांबी लिहा. शिवाय प्रत्येक गटातलं सर्वांत उंच आणि सर्वांत रुंद पुस्तक मोजा. झालं. नऊ-दहा आकडे, एका चिठ्ठीवर मावतात.

या आकड्यांनी काय होतं ते दाखवतो. समजा ४०० मराठी पुस्तकं आहेत आणि एकेक सरासरी पाऊण इंच जाड. रांग झाली ३०० इंच, म्हणजे २५ फूट. पुढे घ्यायच्या पुस्तकांसाठी पाव भाग धरा, सुमारे ३१ फूट. (घरात कुणी पाव भागाला हसलं तर तिसरा भाग धरा.) आता ५ बाय ७ फुटांचं कपाट घेऊ, मधे एक उभी फळी. प्लायची जाडी वजा जाता एका बाजूचा खण आतून साधारण २९ इंच, म्हणजे २.४ फूट भरतो. खाली ४ इंच पाया सोडला. मापं न घेता सरसकट १२ इंचांचे खण केले तर सहा रांगा बसतात, दोन्ही बाजू मिळून २९ फूट. ३१ फूट त्यात मावत नाहीत. मापं घेतली आणि वरचे सहा खण १० इंचांचे केले, तर खाली १४ इंचांहून जरा मोठा एक खण उरतो, तिथे फाइली किंवा दिवाळी अंक, आणि एकूण जागा होते जवळजवळ ३४ फूट. लाकूड जवळपास तेवढंच, भिंत तीच.

खोलीचंही तसंच. नुसती पुस्तकं असतील तर १० इंच पुरेत, फाइली असतील तर १२. ‘असू दे, १५ इंच करा, जास्त मावतील’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. १५ इंचांत माणूस पुस्तकांच्या दोन रांगा लावतो आणि मागची रांग पुन्हा वाळवी लागल्यावरच बघतो.

फळी लांब का करत नाही

दुसरा नेहमीचा वाद. फोटोत ४ फुटांची सलग फळी असते, मधे आधार नाही, आणि तिच्यावर तीन पुस्तकं, एक कुंडी आणि एक पितळी हत्ती. तुमच्या घरी हत्ती नसतो, पुस्तकं असतात. एक फूट रांगेचं वजन साधारण ८ ते १० किलो भरतं, वर सांगितलेलं कपाट पूर्ण भरलं की त्यावर सुमारे ३०० किलो असतात.

१८ मिमी प्लायची फळी आम्ही अडीच फुटांच्या पुढे नेत नाही. कारण सांगतो, म्हणजे तुम्हाला अडवणूक वाटणार नाही. फुटामागे वजन तेवढंच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर तिचा बाक (मधे खाली झुकणं) दुप्पट होत नाही, सोळापट होतो. अडीचची ४ फूट केली तर साडेसहापट. ‘मग जाड फळी घाला’ हा उपाय लगेच सुचतो. १८ ऐवजी २५ मिमी घातली तर बाक पावणेतीनपट कमी होतो, पण साडेसहापट वाढलेला भरून निघत नाही. मधे उभी फळी टाकली की प्रश्नच मिटतो, आणि तिचा खर्च जाड प्लायच्या निम्माही नसतो. वाचनालयातल्या लोखंडी रॅकची फळीसुद्धा साधारण ३ फुटांचीच असते, ती उगाच नाही.

आपल्याकडे यात पावसाची भर. जून ते सप्टेंबर लाकूड हवेतला ओलावा पीत राहतं, वजन तेच असलं तरी बाक वाढत जातो आणि उन्हाळ्यात परत सरळ होत नाही. ज्यांना सलग फळीच हवी त्यांना आम्ही पुढच्या कडेला खालून दीड इंचाची सागवानी पट्टी लावून देतो. दिसते छान, फळीला ताठपणाही येतो. तरी साडेतीन फुटांच्या पुढे नाही.

लाकूड कोणतं

सांगाड्याला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारा) किंवा मरीन प्लाय. प्लायवर शिक्का बघा: मरीन म्हणजे आयएस (भारतीय मानक) ७१०. आयएस ३०३ मध्ये एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन्ही येतात, तेव्हा नुसता ३०३ वाचून थांबू नका, पुढची अक्षरं वाचा. एमआर म्हणजे नुसत्या ओलाव्यात टिकणारा, बाजारातला ‘कमर्शियल’. तो स्वस्त पडतो आणि कोरड्या मुलखात ठीक चालतो. गोव्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाला आम्ही तो वापरत नाही, मग गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल. पार्टिकल बोर्ड तर नकोच, एकदा पाणी प्यायला की कडा पावासारख्या फुगतात.

अख्खं लाकूड हवं असेल तर सागवान आहेच, पण फणस बघा अशी आमची शिफारस. नवा असताना हळदीसारखा पिवळा असतो, काही वर्षांत गडद तपकिरी होत जातो. आमच्या वडिलांनी केलेल्या फणसाच्या फळ्या आमच्या घरी अजून पुस्तकं वाहताहेत.

‘परसातला फणस पावसात पडलाय, त्याचंच कपाट करा’ असं दरवर्षी दोघं-तिघं येऊन सांगतात. आनंदाने करू. फक्त दोन गोष्टी. झाड उभं असेल आणि पाडायचं असेल तर गोव्यातल्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, ती तुम्ही काढायची. आणि कापलेल्या फळ्या सावलीत, मधे पट्ट्या घालून, वाऱ्यावर वाळायला हव्यात. जुना हिशेब असा की जाडीच्या एका इंचाला एक वर्ष. चवथीला (गणेश चतुर्थीला) पडलेल्या झाडाचं कपाट दिवाळीला मागू नका. ओल्या लाकडाचं कपाट करून देणारे भेटतील, त्याच्या भेगा मात्र तुम्हालाच बघाव्या लागतील.

पावसाळा, चवथ आणि पॉलिश

मे महिन्यात कपाट बसवलं की गिऱ्हाईक म्हणतं, दारांच्या मधे फट राहिलीय. दोन सूत (पाव इंच) फट आम्ही मुद्दाम ठेवतो. जुलैत लाकडी दार फुगतं तेव्हा ती भरून येते. न ठेवली तर तुम्ही दार ओढून बिजागरी उपटता आणि आम्हाला फोन करता.

कपाट भिंतीला घट्ट चिकटवत नाही, मागे इंच-दीड इंच हवा खेळायला सोडतो. पश्चिमेच्या भिंतीला मागची फळी थेट टेकवली तर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी येते, ती आधी पुस्तकांच्या पाठीवर दिसते. खाली ४ इंच पाया असतो तो लादी पुसायला आणि वाळवीची माती दिसायला. काचेची दारं हवी असतील तर देतो, धूळ कमी बसते. पण वर-खाली वाऱ्याला वाट ठेवूनच, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की दारं तासभर उघडी ठेवायला विसरू नका. कसरीसाठी वेखंडाचे तुकडे ठेवायची जुनी पद्धत वाईट नाही. डांबर गोळ्या ठेवायच्या तर लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

उंच कपाट वरून भिंतीला क्लॅम्पने पकडतोच, मुलं फळ्यांवर चढतात. चिरे मातीने सांधून बांधलेल्या जुन्या भिंतीत स्क्रू सांध्यात धरत नाही, चिऱ्यातच घ्यावा लागतो, म्हणून तिथे ड्रिलला वेळ जास्त लागतो. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

आणि चवथ. सगळ्यांनाच चवथीच्या आधी हवं असतं. सांगाडा आम्ही पावसातही करतो, पण भर पावसात पॉलिश मारत नाही. दमट हवेत ते सुकताना पांढरट झाक धरतं, मग सगळं घासून पुन्हा करावं लागतं. चवथीपूर्वी पूर्ण तयार कपाट हवं असेल तर मापं मार्चअखेर आमच्याकडे यायला हवीत. जूनमध्ये आलात तर सनमायका लावून देऊ, किंवा कपाट आधी वापरायला घ्या आणि पॉलिश दसऱ्यानंतर. चवथीच्या आठवड्यात शेड बंद असतं, कारागीर गावी जातात.

अर्धे पैसे आधी, अर्धे बसवल्यावर. खणांची उंची नंतर बदलावीशी वाटली तर कपाट मोडायला नको म्हणून मधली एक फळी पक्की ठेवून बाकीच्या सरकवता येतील अशी भोकं आम्ही प्रत्येक कपाटाला पाडून देतो. तयार कपाटांत ही सोय असते, पण त्यांची रुंदी तुमच्या भिंतीची नसते.

फरशी, स्कर्टिंग आणि रंग झाल्यावरच आम्हाला भिंत मोजायला बोलवा. तीन गटांच्या रांगांची लांबी लिहिलेली चिठ्ठी तयार ठेवा. आणि सर्वांत उंच, सर्वांत रुंद आणि सर्वांत जड अशी तीन पुस्तकं टेबलावर काढून ठेवा, आम्ही येऊन त्यांना टेप लावू.