हवा बिघडली की शाळा बंद: दिल्लीतील एका निर्णयाची पार्श्वभूमी

हवेच्या प्रदूषणामुळे दिल्लीतील सर्व शाळा बंद ठेवण्याची वेळ नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिल्यांदा आली. दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता. वारा पडला होता, शेजारच्या राज्यांत भाताचा पेंढा पेटला होता आणि धुरकट थर हटता हटत नव्हता. आधी महापालिकेच्या शाळांना एक दिवस सुट्टी मिळाली, मग सर्वच शाळांना तीन दिवस. उन्हाळ्याच्या आणि कडाक्याच्या थंडीच्या सुट्ट्यांची शहराला सवय होती. श्वास घेणे धोक्याचे म्हणून सुट्टी, हे नवे होते.

प्रश्न मात्र नवा नव्हता. १९९८ च्या न्यायालयीन आदेशानंतर २००२ अखेरपर्यंत दिल्लीच्या बस सीएनजीवर आल्या. त्याच सुमारास ३६ शाळांमधील ११,६२८ मुलांची तपासणी सुरू झाली. फुप्फुसांची कार्यक्षमता घटलेल्या मुलांचे प्रमाण दिल्लीत ४३.५ टक्के निघाले, तर तुलनेसाठी निवडलेल्या ग्रामीण भागातील मुलांत २५.७ टक्के. म्हणजे बसचा काळा धूर कमी होत होता, त्याच वर्षांतले हे आकडे आहेत. एवढ्या मोठ्या पाहणीनंतर शाळांसाठी काही ठरायला हवे होते. पुढची दहा वर्षे त्या आघाडीवर जवळपास शांतता होती.

२०१५ मध्ये तीन तान्ह्या मुलांच्या नावे त्यांच्या वडिलांनी फटाक्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच वर्षी हवेचा राष्ट्रीय निर्देशांक सुरू झाला: आकडा जितका मोठा, तितकी हवा खराब. जानेवारी २०१७ मध्ये टप्प्याटप्प्याच्या कृती आराखड्याची, म्हणजे हवा बिघडेल तसतसे कडक होत जाणाऱ्या उपायांची, अधिसूचना निघाली. त्यात शाळा बंद करण्याचा उल्लेख अगदी शेवटच्या, आणीबाणीच्या पायरीवर होता, आणि तोही ‘आणखी काही उपाय’ म्हणून. ट्रकबंदी आणि बांधकामबंदी आधी, मुले नंतर. पुढचे सगळे वाद या क्रमातून निघाले आहेत.

२०१७, २०१९, २०२१, २०२३ असे नोव्हेंबर येत गेले आणि सुट्ट्या मिळत गेल्या. २०२३ मध्ये तर हिवाळी सुट्टीच अलीकडे ओढली. खरा पेच नोव्हेंबर २०२४ मध्ये पडला. निर्देशांक ४५० च्या वर गेल्यावर आधी दहावी-बारावी वगळून वर्ग ऑनलाइन झाले, मग सर्वोच्च न्यायालयाने विचारले की त्या मुलांची फुप्फुसे वेगळी आहेत का? तेही वर्ग बंद झाले. आठवडाभरातच दुसरी बाजू त्याच न्यायालयासमोर आली: शाळा बंद म्हणजे मध्यान्ह भोजन बंद. अनेक घरांत ऑनलाइन शिकण्याची सोय नाही. हवा शुद्ध करणारे यंत्र तर बहुतेकांकडे नाहीच, मग घरी बसून मूल वेगळी हवा कुठे घेणार? हे न्यायालयाने मान्य केले आणि शाळा की घर, हे पालकांवर सोडणारी मिश्र पद्धत आली. पुढे आराखड्यातच बदल झाला: तिसऱ्या टप्प्यात पाचवीपर्यंत, चौथ्या टप्प्यात सहावी ते नववी आणि अकरावीसाठी मिश्र वर्ग.

या तडजोडीला शहाणपण म्हटले गेले. पण निवड करायला घरात दुसरा फोन लागतो आणि दिवसा मुलाजवळ थांबणारे माणूस लागते. ज्या आईला सकाळी कामावर जायचे आहे तिच्यासाठी ही निवड नाही. पत्र्याच्या खोलीत, रस्त्याला लागून राहणारे मूल शाळेत गेले काय आणि घरी राहिले काय, तीच हवा घेते. वर्गातली हवा सुधारण्याबद्दल मात्र या आराखड्यात काही नाही.

शिवाय फुप्फुसे वाढतात ती वर्षभर, अठराव्या वर्षापर्यंत आणि त्याच्याही थोडे पुढे. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९३ पासून शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. पीएम २.५, म्हणजे फुप्फुसांत खोलवर जाणारे हवेतले अतिसूक्ष्म कण, सर्वाधिक असलेल्या वस्त्यांत, अठराव्या वर्षी फुप्फुसांची क्षमता लक्षणीय कमी राहिलेल्यांचे प्रमाण स्वच्छ वस्त्यांच्या जवळपास पाचपट आढळले. पुढे तिथली हवा सुधारली तेव्हा नंतरच्या पिढीच्या फुप्फुसांची वाढही सुधारलेली दिसली. हा परिणाम वर्षांच्या सरासरीचा होता, चार-पाच काळ्या दिवसांचा नव्हे. आपल्याकडे पीएम २.५ चे २४ तासांचे मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य १५. तीस ते साठमधली हवा आपल्या निर्देशांकात ‘समाधानकारक’ ठरते आणि त्या दिवशी मुले मैदानावर असतात.

मुंबईतही हाच निर्देशांक वापरतात. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्व भागांत तो २०० च्या वर राहिल्याने बांधकामे थांबवली गेली. आदेशांचा रोख बांधकामांवर होता. त्याच भागांतल्या शाळांच्या मैदानी तासाची चर्चा फारशी झाली नाही.

दिल्लीत ती चर्चा झाली, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये. शाळांच्या क्रीडास्पर्धा नेमक्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ठेवल्या जातात, हे न्यायालयाच्या नजरेस आणून दिले गेले. या स्पर्धा सुरक्षित महिन्यांत हलवण्याचा विचार करा, असे न्यायालयाने सांगितले आणि त्यानंतर मैदानी स्पर्धा रोखल्या गेल्या. तोवर पहिल्या शाळाबंदीला नऊ वर्षे झाली होती.