पारसिकचा कडा फोटोंतून मोजताना

ठाणे-वाशी लोकलमधून घणसोलीच्या आसपास पूर्वेला पाहिलं तर रुळालगतचे खांब भराभर मागे पळतात आणि पारसिकचा डोंगर मात्र जागचा हलत नाही. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. फोटोंवरून जमिनीचं त्रिमितीय मॉडेल बनवण्याची सगळी विद्या, म्हणजे फोटोग्रामेट्री, या एका फरकावर उभी आहे.

म्हणूनच डोंगरातल्या जुन्या दगडखाणीच्या कड्यासमोर मधोमध उभं राहून, नुसता कॅमेरा फिरवत काढलेल्या चाळीस फोटोंचा उपयोग होत नाही. त्यातून पॅनोरमा सुरेख होईल, पण खोली मिळणार नाही. फोटोगणिक पाय हलले पाहिजेत.

किती हलायचं, याचा हिशोब सोपा आहे. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (सुमारे २४ मिमी रुंद सेन्सरचा) कॅमेरा आणि २४ मिमीची लेन्स घेऊन कड्यापासून ६० मीटरवर उभे राहिलो, तर एका फोटोत साधारण ५९ मीटर रुंदी मावते आणि एक पिक्सेल कड्यावरचा सुमारे १ सेंमी दाखवतो. लगतच्या दोन फोटोंत ८० टक्के भाग सामाईक हवा, म्हणजे दर १२ मीटरला एक फोटो. ३०० मीटरच्या कड्याला सरळ रेषेत पंचविसेक फोटो पुरतात. कडा उंच असेल तर त्याच जागांवरून कॅमेरा वर करून आणखी एक रांग घ्यावी. साठ मीटर हे अंतर सुरक्षिततेसाठीही चांगलं. खाणीच्या कड्याखाली उभं राहू नये, पावसाळ्यानंतर तर नाहीच. आत जायची परवानगी आधी घ्यावी. ड्रोन वापरायचा असेल, तर नवी मुंबई विमानतळ जवळ असल्यामुळे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय तो पेटीबाहेर काढू नये.

आता संगणक काय करतो ते पाहू. पारसिकचा दगड बेसाल्टचा. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत बऱ्याचदा पांढरं झिओलाइट भरलेलं असतं. काळ्या दगडावरचा असा मुठीएवढा पांढरा डाग फोटोत सात-आठ पिक्सेलचा दिसतो. डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये मांडलेली सिफ्ट पद्धत अशा डागाभोवतीच्या उजेड-अंधाराची ठेवण आकड्यांत लिहून ठेवते आणि दुसऱ्या फोटोत तीच ठेवण शोधते. अशा हजारो जोड्या जुळल्या की प्रत्येक फोटो कुठून काढला, लेन्स किती वाकडं दाखवते आणि प्रत्येक डाग कुठे आहे, हे सगळं एकाच वेळी सोडवलं जातं. याला बंडल ॲडजस्टमेंट म्हणतात. ड्युएन ब्राउन यांनी हे गणित १९५८ मध्येच मांडलं होतं.

यात बिघडतं ते बहुतेक वेळा फोटो काढतानाच. पश्चिमेला तोंड असलेला कडा सकाळी स्वतःच्याच सावलीत असतो. उजेड सगळीकडे सारखा, म्हणून ती वेळ साधावी. मागचं आभाळ पांढरं पडलं तरी चालेल, एक्स्पोजर दगडाचं हवं आणि ते शेवटपर्यंत बदलायचं नाही. दुपारनंतर कंगोऱ्यांच्या सावल्या सरकू लागतात आणि सॉफ्टवेअर सावलीच्या कडेलाच दगड समजून बसतं. झूम, ऑटोफोकस, स्टॅबिलायझेशन बंद. मोबाइल असेल तर एचडीआरही बंद. वाऱ्यावर हलणारं गवत आणि खाणीच्या तळाशी साचलेलं पाणी कधीच नीट येत नाही. तिथे मॉडेलला भोकं पडतात, आणि ती तशीच राहू द्यावीत. सॉफ्टवेअरने भोक बुजवून दिलेला पृष्ठभाग मोजलेला नसतो.

सर्वांत फसवी चूक दिसायला देखणी असते. सगळे फोटो कड्याला काटकोनात काढले, तर लेन्सच्या वाकडेपणाचा अंदाज किंचित चुकतो आणि सरळ कडा मधोमध फुगलेला किंवा खोलगट येतो. मॉडेल फिरवून पाहिलं तरी कळत नाही. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक दोन-तीन जागांनंतर कॅमेरा १५ ते २० अंश डावी-उजवीकडे वळवून जास्तीचे फोटो घ्यायचे.

मापही बाहेरूनच द्यावं लागतं. नुसत्या फोटोंना खाण आणि टेबलावरचा खडा सारखाच. पाच मीटरचा स्टाफ, म्हणजे मोजपट्टीचा दांडा, कड्याशी उभा करून माप दिलं आणि त्यात एका पिक्सेलची, म्हणजे १ सेंमीची चूक झाली, तर ३०० मीटरवर ती ६० सेंमी होते. त्यापेक्षा कड्याच्या दोन्ही टोकांना, मध्ये, वर आणि खाली मिळून आठ-दहा खुणा टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्राने, मोजाव्यात. त्यातल्या दोन-तीन सॉफ्टवेअरला सांगायच्याच नाहीत. मॉडेल तयार झाल्यावर त्या कितीने चुकल्या, हीच खरी परीक्षा. वेबओडीएमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही खुणा देण्याची सोय आहे.

वरच्या मांडणीत जुळणी अर्ध्या पिक्सेलची धरली, तर लगतच्या दोन फोटोंतून खोलीतली चूक साधारण अडीच सेंमी येते. पावसाळ्याआधीचं आणि नंतरचं मॉडेल क्लाउडकम्पेअर या मॉडेलं ताडून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवलं की दोन्ही चुका मिळून साडेतीन सेंमी होतात (अशा चुकांची सरळ बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेतात). म्हणून त्याच्या दुप्पट, म्हणजे ७ सेंमीपेक्षा कमी फरक दिसला तर दगड निसटला असं म्हणू नये. आणि पुढच्या वर्षी त्याच खुणा सापडायला हव्यात: रंग एका पावसाळ्यात शेवाळाखाली जातो, पत्रा उडून जातो. हात पोचेल तिथे, न हलणाऱ्या पक्क्या खडकात ठोकलेला पोलादी खिळा टिकतो.